बिनवाऱ्याची खोली

शकुअक्का दुकानात चिंध्या मागायला आली की माझं मशीन थांबायचं.

तसं म्हटलं तर शिंप्याकडे चिंध्या मागायला सगळी गल्ली येते. कुणाला गोधडीला हव्या असतात, कुणाला चुलीवरचं भांडं उतरवायला. मी देतो, आणि देताना चार शब्द ऐकवतोही, कारण जात्याच मी खवट माणूस. पण अक्काच्या चिंध्या कशाला लागतात हे मला पक्कं ठाऊक होतं. समोरच्या घरात तिच्या सुनेचे दिवस भरत आले, की अक्का पदराचा ओचा करून यायची आणि माझ्या मशीनखालची सगळी कातरण घेऊन जायची. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी, दाराच्या फटी, आढ्याखालची भोकं, सगळं तिला बुजवायचं असायचं. अशी ती दोनदा घेऊन गेली होती. दोन्ही वेळा त्यानंतर काही दिवसांतच तिचा मुलगा आप्पासाहेब पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हातांवर घेऊन, मान खाली घालून, माझ्या दुकानावरून गेला होता.

हे बारामतीतलं, पन्नास सालानंतरचं. आमची गल्ली बाजारतळाच्या मागची. समोर अक्काचं घर, अलीकडे माझं दुकान. मधे एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. त्यामुळे त्यांच्या घरात काय शिजतं आणि काय करपतं, हे मला मशीनवरून न उठता कळायचं.

शकुअक्का उंच, काटक, बोलायला तिखट. नवरा लवकर गेला. नीरेच्या काठी, सांगवीला तिचा थोडा मळा होता, पाटाच्या पाण्यावरचा. वांगी, मुळा, मेथी, दोडका, जे पिकेल ते पाट्यांत भरून बारामतीच्या बाजारात आणायची. तिच्या मुळ्याला गिऱ्हाईक थांबून असायचं. का, तर वाफ्यात दाट उगवण झाली की ती निम्मी रोपं उपटून बांधावर फेकून द्यायची. दुसऱ्या बायांचा हात अडखळतो. उगवलेलं उपटायचं म्हणजे जिवावर येतं. अक्काला ते कधी आलं नाही. म्हणायची, "दाटीत मुळा धरत न्हाय, नुसता पाला माजतो."

आप्पासाहेब तिचा एकुलता एक. त्याचा जन्म सांगवीच्या मळ्यातला, खोपीतला. पाटाची पाळी आली होती, नवरा पाणी धरायला गेला होता, आणि ही वाफे मोडता मोडता अवघडून तिथंच आडवी झाली. खोप म्हणजे चार मेढी आणि वर उसाचं पाचट. बाजूला कूडसुद्धा नव्हता. नदीवरचा वारा एका बाजूने यायचा, दुसऱ्या बाजूने जायचा. ना शेक, ना शेगडी, ना धुरी. या गोष्टीची तिला जन्मभर लाज वाटली. मुलगा एस्टीत कंडक्टर झाला, अंगावर खाकी डगला आला, तरी ती म्हणायचीच.

"माज्या आप्पाला म्या वाऱ्यावर टाकला रं महिपती. कुत्रीबी आडोसा बघती. माज्या सुनंचं मी तसं होऊ द्यायची न्हाय."

आणि ती बोलते ते करते. आप्पासाहेबाचं लग्न ठरल्याबरोबर तिने घराच्या मागल्या अंगाला एक खोली बांधून घेतली. भिंती जाड, दार ठेंगणं, खिडकी म्हणाल तर एका हाताची. स्वतः शेणाने लिंपली. दिवा लावून भिंतींवरून हात फिरवायची. ज्योत जराशी हलली की तिथं बोट ठेवायची आणि माती चोपायची. खोली पुरी झाल्यावर गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाच्या निमित्ताने आत नेऊन दाखवली. बायकांनी तोंडात बोटं घातली. सरदाराच्या सुनेलाही अशी बिनवाऱ्याची खोली मिळायची नाही, असं कोणी तरी म्हणालं, आणि बाहेर आल्यावर अक्काच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा तसं हसू बघितलं.

सून विजयमाला इंदापूर तालुक्यातली, सणसरची. माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलंही बाळंतपण सासरीच झालं. माझी बायको ठमाबाई दोन्ही वेळा आत होती. ती सांगते, पोर जन्मली तेव्हा खणखणीत रडली. मग खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी आली. ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी आली. खिडकीत माझ्या चिंध्या ठासल्या गेल्या. सणसरच्या, इंदापूरच्या, गल्लीतल्या, जेवढ्या बायका मावतील तेवढ्या पोरीभोवती बसल्या, कारण बाळंतिणीला एकटी सोडायची नसते. पोरीचं रडणं दिवसागणिक बारीक होत गेलं. पाचवी पुजायच्या आत ती गेली. दुसरी पोर तशीच आली, तशीच गेली. कोणी म्हणालं सटवाई कोपली, कोणी म्हणालं सणसरच्या कुणाची तरी नजर लागली. दुसऱ्या वेळी विजयमाला आतून म्हणाली होती, "आत्याबाई, थोडी खिडकी उघडा, माझा जीव गुदमरतोय." ठमाबाईने स्वतःच्या कानांनी ऐकलं. अक्का कपाळाला तेल लावत म्हणाली, "समद्या बाळंतिणींना असंच वाटतं बाळ. वारं लागलं तर जल्माचं दुखणं हुईल."

तिचा आवाज फार मायेचा होता म्हणे. मला ते आजही सहन होत नाही.

दुसरी गेल्यावर विजयमाला बोलायची थांबली. भाकरी थापायची, पाणी भरायची, दही विरजायची, पण तोंडातून शब्द नाही. आप्पासाहेबाने पुण्याहून येताना बायकोचं मन रमावं म्हणून एक काचेची पेटी आणली. पत्र्याच्या चौकटीत बसवलेल्या चार काचा, लांबी माझ्या मशीनच्या फळीएवढी. तळाला वाळू, दोन पाणवनस्पती आणि थोडे सोनेरी मासे. बारामतीत असली वस्तू कोणी पाहिली नव्हती. ओसरीवर पेटी ठेवली तेव्हा अर्धी गल्ली लोटली. मीही शिवण टाकून गेलो. काय उगाच खोटं बोला, मासे फार देखणे होते.

विकणाऱ्याने तीन-चार गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. मासे थोडेच ठेवा. खाणं चिमटीभर घाला. पाणी कधी सगळं बदलू नका, आणि वाळू रगडून धुऊ नका. पाणी गाळायला आप्पासाहेबाने आपली गावठी युक्ती केली. पेटीच्या वर तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर एक मडकं ठेवलं, तळाला भोक पाडून त्यात कापडाची वात, वर कोळसा, त्यावर वाळू. पेटीतलं पाणी तांब्याने काढून मडक्यात ओतायचं, ते झिरपून थेंबाथेंबाने परत पेटीत पडायचं. दिवसभर टपटप चालायची. माझं मशीन थांबलं की मला ती ऐकू यायची.

पहिल्या काही दिवसांत दोन मासे मेले. पाणी दुधासारखं झालं. पण विजयमालेने हात आखडता ठेवला. थोडं पाणी बदलायची, बाकीचं राहू द्यायची. मडक्यातल्या वाळूला हात लावायची नाही. हळूहळू पाणी मुरलं, निवळलं, मागच्या काचेवर शेवाळाचा पातळ हिरवा थर आला, आणि उरलेले मासे तरतरीत झाले. एक दिवस ती ठमाबाईला म्हणाली, "वैनी, पाण्यालाबी इरजण लागतं बघा. वाटी घासून लख्ख केली तर दही कशानं लागंल?" दुसऱ्या पोरीनंतर ती एवढं लांब वाक्य प्रथमच बोलली होती. ठमाबाई घरी येऊन पदराने डोळे पुसत बसली आणि भाजी करपवली.

दिवाळी झाली आणि समजलं, विजयमालेला पुन्हा दिवस गेले आहेत. इथून सगळं फिरलं.

अक्काने सुनेच्या हातातून पहिलं काय काढून घेतलं, तर तो तांब्या. "आता वाकायचं न्हाय, उचलायचं न्हाय. माशांचं मी बघती." आणि ती बघायला लागली. अक्काच्या घरातलं पितळ आरशासारखं असायचं. काचेवर शेवाळ तिला कुठलं खपायला? दर सोमवारी पेटी रिकामी व्हायची. काचा राखेने आणि काथ्याने घासल्या जायच्या. वाळू आणि कोळसा उकळत्या पाण्यात घालून, उन्हात वाळवून परत मडक्यात. पाणी सगळं नवं कोरं. पेटी इतकी लख्ख दिसायची की मासे हवेत तरंगतायत असं वाटायचं. दोन दिवसांत ते पाणी पुन्हा गढूळ व्हायचं, आणि अक्का अजून जोराने घासायची.

सुनेने एकदा हळूच विरजणाची गोष्ट काढली. अक्का हसली. "घाणीत कुणी जगलंय व्हय गं?"

एवढ्यावर भागलं असतं, पण मळ्यातल्या माणसाला पाटाचं दुखणं ठाऊक असतं. पाटाची पाळी संपून पाणी बंद झालं की शेतातल्या चाऱ्यांमध्ये डबकी उरतात. त्यात नदीतून आलेले मासे अडकतात. ऊन चढेल तसं डबकं आटतं, आणि मासे चिखलात उड्या मारून मरतात, नाही तर बगळे उचलतात. बाकीची माणसं ते तळून खातात. अक्का गळ्यात माळ असलेली. तिने मनात धरलं, की जीव वाचवावा तेव्हा जीव पदरात पडतो. सांगवीहून येताना तिच्या डोक्यावर भाजीची पाटी आणि काखेत कळशी. कळशीत मासे. ते सगळे पेटीत.

गल्लीला कळलं तशी गल्लीही पुण्य जोडायला आली. नदीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, तशा बायका नाव घेत घेत पेटीत गोळ्या टाकायला लागल्या. कोणाच्या मुलीचं लग्न जमेना, तिने एक मूठ टाकली. कोणाच्या म्हशीने दूध चोरलं, तिने टाकली. नदी गोळ्या वाहून नेते. पेटी कुठे नेणार? सकाळी तळाला पांढरा लगदा साचलेला असायचा आणि त्यात एखादा मासा पोट वर करून पडलेला.

मेलेला मासा विजयमालेच्या दृष्टीस पडू नये म्हणून अक्का पहाटेच उठायची, तो पदराखाली घेऊन परड्यातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी पुरायची आणि मळ्यातून आणलेला दुसरा पेटीत सोडायची. सुनेला अपशकुन होऊ नये हा हेतू. पण कढीपत्त्याच्या बुडची माती रोज ताजी उकरलेली दिसायची, आणि विजयमाला काही आंधळी नव्हती.

मी एक दिवस न राहवून बोललो. "अक्का, मुळ्याचा वाफा तू विरळतेस ना? मग हे काय चालवलंयस? एका सदऱ्यात चार माणसं कोंबलीस तर शिवण उसवणारच."

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "मुळा निराळा, महिपती. ह्यो जीव हाय. ह्यांना उपटून कुठं टाकू? पुन्यांदा डबक्यात?"

मी शिंपी, माणूस कपड्यात मावतो की नाही एवढंच मला कळतं. ते न मावणारं मला रोज समोर दिसत होतं, आणि त्याने माझं डोकं उठायचं.

चैत्र सरला. ऊन वाढलं. विजयमालेला आठवा संपून नववा लागला होता. तिला घराबाहेर जाऊ देत नव्हते. एकदा दुपारी अक्का बाजारात असताना ती उंबऱ्यापर्यंत आली आणि मला हाक मारली. "तात्या, जरा हिकडं या."

मी गेलो. पेटीतले सगळे मासे वर आले होते. पाण्याच्या कडेला तोंडं काढून उघडझाप करत होते.

"हे वर का येत्यात, ठावं हाय तुमाला? खाली दम पुरत न्हाय. वर आले की आत्याबाईंना वाटतं भुकेजलेत. मग त्या आनखी कणिक टाकत्यात." ती पेटीकडेच बघत होती. "मलाबी आता परत त्या खोलीत जावं लागनार, तात्या."

रडली नाही, आवाज चढवला नाही. संध्याकाळी आप्पासाहेब ड्यूटीवरून आला तसा मी त्याला वाटेतच गाठला. बाबा रे, ह्या वेळी बाळंतपण दवाखान्यात कर, नाही तर निदान खिडकी उघडी ठेव. त्याने टोपी काढून हातात फिरवली. "तात्या, आईनं माझ्यासाठी रक्ताचं पाणी केलंय. तिला काय सांगू, तुला कळत न्हाय म्हणून?" चांगला मुलगा होता. अशा चांगल्या मुलांच्या बायकांचे हाल कुत्रं खात नाही.

आणि मग वैशाखात अक्का ओचा पसरून माझ्या दुकानात उभी राहिली.

"ह्या टायमाला जाड बघून दे, महिपती. मांजरपाट असला तर मांजरपाट. गेल्या टायमाला कुठंतरी फट ऱ्हायली असणार. तितनंच घात झाला."

मी म्हणालो कातरण संपली. तिने वाकून मशीनखालचा ढीग स्वतःच ओढून घेतला. ओचा भरला तरी ती कोंबतच राहिली. तेव्हा मला कळलं, की ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या माणसाला फट दिसली की तो बुजवणारच. त्या दिवशी माझ्या हातून एक सदरा वाया गेला.

पोर सकाळच्या प्रहरी झाली. तिसरीही मुलगीच. खणखणीत रडली, गल्लीभर ऐकू आलं. ठमाबाई लगबगीने आत गेली. खाटेखाली शेगडी गेली. वैशाखाच्या त्या उकाड्यात, जिथे आम्ही बाहेरची माणसं पंचे ओले करून अंगावर घेत होतो, तिथे त्या खोलीत निखारे फुलत होते. सणसरहून विजयमालेची मावशी आली, इंदापूरहून अक्काची नणंद आली, आणखी कोण कोण आल्या. दाराच्या फटीतून धुराची बारीक रेघ बाहेर यायची. अक्का आली आणि तीही चिंधीने बुजवून टाकली.

दुसऱ्या दिवशी पोर कमी रडली. त्याच्या पुढल्या दिवशी मला मशीन थांबवून कान द्यावा लागला.

मडक्याची टपटपही बंद होती. घरात बाळंतीण असताना तांब्याने पाणी वर कोण ओतणार? अक्काने सोमवारी वाळू उकळून, ठासून भरलेली होती, तशीच कोरडी पडली होती. पेटीवर तिने ओलं पोतं टाकलं होतं, ऊन लागू नये म्हणून आणि आल्यागेल्याची नजर पडू नये म्हणून.

सकाळचं ऊन ओसरीवर चढलं तेव्हा तिने मला हाक मारली. "महिपती, जरा हात लाव. पेटी सावलीला घ्यायचीया."

मी गेलो. तिने पोतं उचललं आणि एक आंबूस, कुजका भपकारा आला. पाणी ताकासारखं झालं होतं. त्यात जेवढे जिवंत होते तेवढे सगळे वर आले होते. सोनेरी, मातकट, लहान, मोठे, एकमेकांना चिकटून. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर. उघडत होती, मिटत होती, उघडत होती. आवाज अजिबात नाही.

"भुकेजलेत," अक्का म्हणाली आणि कनवटीची कणकेची गोळी काढून पाण्यात टाकली. गोळी एका माशाच्या तोंडावर पडली, तिथून घसरून तळाला गेली. कोणी तिच्याकडे वळलं नाही. तिने दुसरी टाकली. तीही तळाला गेली.

"खात न्हाईत रं," ती म्हणाली. तिला काही उमगत नव्हतं. वाचवून आणलेले, पोटभर घातलेले, धुऊन पुसून ठेवलेले जीव. ती तशीच वाकून बघत राहिली.

त्याच वेळी माजघरातून ठमाबाई बाहेर आली. डोळे लाल, खोकत होती. तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि म्हणाली, "अक्का, पोरीची लक्षणं बरी न्हाईत. रडतच न्हाय आता. नुसतं तोंड उघडतीया अन् मिटतीया."

अक्काने मान वर केली. आधी ठमाबाईकडे पाहिलं, मग परत पेटीत पाहिलं. तिच्या तोंडाचा रंग उतरताना मी बघितला. त्या दोघी पोरींना तिने मांडीवर घेतलेलं होतं. त्यांची तोंडं कशी उघडत मिटत होती, हे तिच्याइतकं जवळून कोणीच बघितलं नव्हतं.

ती धावली. त्या वयाच्या बाईला मी तसं धावताना पाहिलेलं नाही. आतून आधी बायकांचा कालवा ऐकू आला. मग अक्का पदराने धरलेली शेगडी घेऊन बाहेर आली आणि तिने ती जशीच्या तशी वाटेत भिरकावली. निखारे माझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत गडगडत आले. ती परत आत गेली. मागल्या अंगाने खिडकी ठोकल्याचा आवाज आला, आणि माझ्या चिंध्या, लाल, खाकी, मांजरपाटाच्या, परड्यात उडायला लागल्या.

"अगं बया, बाळंतीण वाऱ्यावर आली!" इंदापूरची नणंद ओरडत होती. "अजून पाचवी न्हाय झाली! डोकं फिरलं का गं तुजं?"

"व्हा समद्या भायेर!" अक्काचा आवाज फाटला होता. "व्हा म्हणती ना! जागा सोडा तिची!"

मग तिने पोर आणली. उघड्या ओसरीवर, उन्हाच्या कडेला, वाऱ्यात. दुपट्याच्या घड्या एकामागून एक काढून फेकल्या. पोरीचे ओठ निळसर पडले होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. विजयमाला भिंत धरत धरत बाहेर आली आणि खाली कोसळल्यासारखी बसली. तिने हात पुढे केले. अक्काने पोर तिच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकली. आपण जवळ असण्याचीच तिला भीती वाटत असावी.

आम्ही सगळे उभे होतो. गल्लीतून वारा आला. कडुनिंबाचा पाचोळा उडाला. पोरीने एकदा अंग आवळलं, आणि रडली. आधी मांजरासारखं बारीक, मग जोरात. मी पुरुषासारखा पुरुष, माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडलो, आणि ठमाबाईने मला त्याबद्दल अजून टोमणा मारलेला नाही.

जे मासे उरले होते ते आप्पासाहेबाने संध्याकाळी कळशीत घातले आणि पाटाला पाणी सुटलं होतं तिथे सोडले. विजयमालेने चारच ठेवून घेतले. तांब्या तिने आपल्या हातात घेतला, तो पुन्हा कोणाला दिला नाही. काचेवर शेवाळ धरायला लागलं, पण अक्का काथ्या घेऊन तिकडे फिरकली नाही. पाचवी ओसरीवरच पुजली. बायकांनी नाकं मुरडली. म्हाताऱ्या म्हणाल्या, शकूचं वाऱ्याचं वेड आता दुसऱ्या टोकाला गेलं.

पोरीचं नाव नकोशी ठेवलं. दोन गेल्यावर तिसरीचं नाव असं ठेवतात, म्हणजे मरणालाही ती नकोशी व्हावी. बारशाला सगळी गल्ली जेवली. अक्का पंक्तीत वाढत होती, पण पाळण्याजवळ गेली नाही. विजयमालेने स्वतः उठून पोर तिच्या मांडीवर ठेवली, तेव्हा तिने एक हात पोरीच्या पाठीखाली धरला आणि दुसऱ्या हातातल्या पदराने तिला वारा घालत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. काखेत गाठोडं होतं. तिने ते मशीनच्या फळीवर ठेवलं. चिंध्याच होत्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, घड्या घातलेल्या. खाली जुन्या काळपट पडलेल्याही होत्या, पहिल्या दोन वेळच्या. खोलीच्या कुठल्या कुठल्या फटींतून तिने त्या वेचून काढल्या होत्या.

"तुज्या तुला परत," ती म्हणाली.

"राहू दे अक्का," मी म्हणालो, "मला काय करायच्यात?"

ती गेली नाही. खांबाला धरून उभी राहिली. समोर ओसरीवर नकोशी रडत होती, आणि अक्का कान देऊन ऐकत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"माजा आप्पा खोपीत झाला, महिपती. खोपीला भिंतच नव्हती. म्हणून तर जगला." तिने गाठोडं माझ्याकडे सरकवलं. "त्या दोगींना भिंती मी बांधून दिल्या."